चार तारांवरचा निरोप

इथले अनुभव मी बरेच दिवस वाचते आहे, लिहायला मात्र पहिल्यांदाच बसले. खरं सांगायचं तर असल्या गोष्टी मला कधी पटल्या नाहीत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच आमच्या घरातला देव्हारा उठला, आणि त्याच्याबरोबर अंगारे, उतारे, बाहेरची बाधा – सगळंच गेलं. त्यात मी पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. त्यामुळे हे लिहितानाही थोडं अवघडल्यासारखं होतंय...

गोष्ट नव्वदीच्या शेवटची. हिंगोली तेव्हा परभणी जिल्ह्यातच होतं. आमचं गाव सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला. माझा मोठा भाऊ, मिलिंददादा, औरंगाबादला एका लहान कंपनीत इंजिनिअर होता. तारांमधून माहिती पाठवताना मध्येच जी खरखर घुसते, ज्याला आम्ही नॉइज म्हणतो, ती कशी हरवायची याचं त्याला वेड. कंपनीत सगळं नीट चालायचं, पण शेतातली मोटर सुरू झाली की पाण्याची पातळी दाखवणारे भले भले डबे खोटे दिवे दाखवायचे. म्हणून सुट्टी काढून तो गावी आला आणि विहिरीपासून घरापर्यंत चार तारांची केबल टाकली. विहिरीवर पाठवणारा डबा, घरात ओसरीवर दिव्यांचा डबा.

माय विचारायची, "चार तारा काहून रे? दोनात भागत न्हाई का?"

"माय, चौघी बाया रस्त्यानं चालल्या. रस्ता खाली-वर झाला तर चौघीबी संगंच खाली-वर होतात ना? पण त्यात उंच कोण अन् बुटकी कोण, हे बदलतं का?"

"न्हाई."

"बस. आपला डबा रस्ता बघतच न्हाई. कोण्या दोघी उंच, तेवढंच बघतो."

त्याची सगळी विद्या एवढीच होती. दर वेळी दोन तारा वर, दोन खाली. खरखर आली तर चारींवर सारखीच चढते, त्यांच्यातला फरक तसाच राहतो. एखाद्याच तारेवर चढली तर दोन-दोनचा मेळ मोडतो आणि डबा तो निरोप टाकून देतो. शिवाय चार तारांच्या दोन सुट्या जोड्या केल्या तर चारच खुणा मिळतात, अशा एकत्र बांधल्या की सहा. पाण्याच्या पातळीला चार, मोटर बंद पडली तर एक. सहावी उरली. ती त्यानं मायला दिली. विहिरीवरून बटण दाबलं की ओसरीवर हिरवा दिवा लागायचा – जेवायला येतोय, भाकरी टाक.

माय खूश. दिवा लागला की तवा चढायचा, आणि दादा हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची.

त्या दिवशी सकाळी तो "विहिरीवर चाललो" म्हणून गेला. दुपार झाली, जेवायची वेळ टळत आली. मी ओसरीवर कापूस निवडत होते. हिरवा दिवा लागला. लुकलुकला नाही, चांगला स्थिर, बराच वेळ.

"येऊन राहिला गं तो," माय म्हणाली आणि उठली.

भाकरी झाली. दुसरी झाली. दादा आला नाही. आला तो चुलतभाऊ गौतम, घामानं भिजलेला. उंबऱ्यातच उभा राहिला.

"काकू..." म्हणाला, आणि तिथंच खाली बसला.

दादा विहिरीवर नव्हताच. डब्याचा कसला तरी सुटा भाग मिळतो का बघायला तो मित्राच्या गाडीवर जवळा बाजार गावाला निघाला होता. वाटेत ट्रकनं उडवलं. जागीच गेला. आणि हे झालं होतं सकाळी, ऊन चढायच्या आत. विहिरीवरचा पाठवणारा डबा त्याच्या पिशवीत होता, चेपलेला.

दोन दिवसांनी मी विहिरीवर गेले. केबलची चारही टोकं दगडावर सुटी पडली होती, कशालाच जोडलेली नव्हती.

पुण्यानुमोदन, म्हणजे आमच्यातलं दिवसकार्य, झाल्यावर मी तारा तशाच सुट्या ठेवून मोटर सुरू करून पाहिली, बंद करून पाहिली, पुन्हा सुरू केली. कितीतरी वेळा. हिरवा दिवा एकदाही लागला नाही. दादाच्या कंपनीतले एक सर येऊन गेले. त्यांनी ओसरीवरचा डबा उघडून सगळं तपासलं. "मुली, डबा बिघडलेला नाही," एवढंच म्हणाले आणि पाणीसुद्धा न पिता उठले.

दादाचं काम जरा कच्चं असतं ना, तर मी सुखानं म्हटलं असतं – नॉइज होता. पण त्या खरखरीला त्यानं बोलायला जागाच ठेवली नव्हती.

पुढं मी हाच विषय शिकले, आता शिकवते. वर्गात कधी हे सांगितलं नाही. मायनंही दिव्याचं कधी नवल केलं नाही, कोणाला सांगितलं नाही. तिचा प्रश्न वेगळाच होता. मी सुट्टीत घरी गेले की, अजूनही, चुलीपुढं बसल्या बसल्या हलकेच विचारते,

"बाई, सकाळी तो काही न खाताच निघाला व्हता. मंग माझं लेकरू उपाशीच गेलं का गं?"

दिवा कसा लागला, हे मला आजही सांगता येत नाही. आणि माय विचारते, तेही.