नदी स्वच्छ दिसली ते तीन दिवस

युसुफ मुजावर गेल्याचा फोन आला तेव्हा मी करोल बागेत गाडीच्या सीटकव्हरचा रंग निवडत होतो. मानेसरला कामावर जाताना शेअर ऑटोतच त्याचं हृदय थांबलं होतं. फोन ठेवला आणि दुकानदाराला म्हणालो, "मरून ही ठीक है।" तो रंग मला मुळीच आवडत नाही. महिना झाला, त्याच सीटवर बसून ऑफिसला जातो.

मिरजेचा युसुफ आणि मी एकाच खात्यात, एकाच वर्षी दिल्लीला आलो. यमुनेतून पिण्यासाठी पाणी उचलतात तिथल्या सेन्सरची देखभाल आमच्याकडे होती. पाण्यात अमोनिया वाढला की सेन्सरनं कळवायचं आणि शुद्धीकरण केंद्रानं पाणी घेणं थांबवायचं. कारण अमोनिया क्लोरीन खाऊन टाकतो, मग जंतू मारायला काही उरत नाही. सेन्सरवर शेवाळ धरतं, ते दर आठवड्याला टूथब्रशनं घासावं लागतं. युसुफ ते लेकराचं नाक पुसावं तसं हळुवार करायचा. मी घासला की काही न बोलता पुन्हा घासायचा.

चार वर्षांपूर्वी एकदा पाळी त्याची होती, पण त्याच्या मुलीला ताप, म्हणून मी गेलो. रजिस्टरमध्ये त्याच्या नावापुढे त्याची सही ठोकली. आमच्यात तसंच चालायचं. सेन्सर घासला, नळाच्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवला, चहा प्यायला गेलो... आणि तिथूनच घरी. तीन दिवस सेन्सर नदीऐवजी बादलीतलं पाणी मोजत राहिला. आलेख इतका देखणा आला की मी तो बैठकीत पडद्यावर दाखवला, नदी सुधारत असल्याबद्दल चार वाक्यंही ठोकली. साहेबांनी मान डोलावली. चौथ्या दिवशी युसुफला बादली दिसली. तोवर नदीतलं घाण पाणी केंद्रातून पुढे गेलं होतं. एका वस्तीत जुलाबाची साथ आली. सहा वर्षांची एक मुलगी गेली.

चौकशीत रजिस्टर उघडलं. युसुफ माझ्याकडे बघत होता, मी टेबलावरच्या बिस्किटांकडे. शेवटी तोच म्हणाला, "नाव माझंच आहे, सर." त्याला मानेसरला, कारखान्यांच्या सांडपाण्यावर धाडलं. बाहेर आल्यावर मला एवढंच म्हणाला, "तुझं तू सांग, यार. मी नाही सांगणार." सांगतो म्हणालो. मग माझी बढती आली, मग दिवाळी आली...

गेल्या रविवारी लक्ष्मीबाई नगरला त्याच्या घरी गेलो. क्वार्टर सोडायचं म्हणून रेहानावहिनी खोकी बांधत होत्या. उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी आधी सुतळीची गाठ पुरी केली.

"मला ठाऊक आहे, भाऊजी. त्याच दिवशी बोलले होते. साहेबांना तुम्हीच सांगाल, म्हणायचे. तुम्ही यायचात, किस्से सांगून आम्हाला हसवायचात. तुम्ही गेलात की म्हणायचे, आजही नाही बोलला."

सोमवारी ऑफिसात लेखी दिलं. बंद झालेली फाईल आहे, आता कशाला, असं साहेब म्हणाले.

पण त्या रविवारी जिना उतरल्यावर मी सवयीनं वर पाहिलं होतं. मी निघालो की युसुफ गॅलरीत यायचा आणि मी कोपऱ्यावर वळेपर्यंत उभा राहायचा. केवढा जीव लावतो, असं मला वाटायचं. मीही ऐटीत हात हलवायचो. तो मी परत फिरतो का, ते बघत असायचा.