कुठली बिर्योझोव्का?

"कुठलं?"

कुणी गावाचं नाव घेतलं की काका चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढायचे आणि एवढंच विचारायचे. लीड्समधली आमची दिवाळी एका चर्चच्या हॉलमध्ये होते. पुण्याहून नवी आलेली आयटीतली मुलं ओळख करून देताना 'पुणे' म्हणून सुटायला बघायची.

"पुण्यात राहतोस ते कळलं. गाव?"

"वडगाव."

"कुठलं?"

"म्हणजे... वडगावच, काका."

"अरे, बुद्रुक की खुर्द? शेरी की मावळ? नुसतं वडगाव हा काय पत्ता झाला? उद्या म्हणशील, पाटलांकडे जायचंय."

मुलगा हळूच बटाटेवड्यांच्या रांगेकडे सरकायचा. अशी माणसं तुमच्याही ओळखीत असतील, आयुष्यभर एकच प्रश्न विचारणारी. पण काकांचा प्रश्न उगाचचा नव्हता. त्यांचे वडील तलाठी होते, आणि बायको अशा गावची होती की ते नेमकं कुठलं, हे तिलाही सांगता येत नव्हतं.

काका डॉक्टर. शिकायला रशियात गेले, वर्गातल्या ल्युबाशी लग्न केलं, आणि पुढे दोघांनी निवृत्त होईपर्यंत लीड्सच्या हॉस्पिटलांत नोकरी केली. मी त्यांच्याच गल्लीत राहते आणि कौन्सिलमध्ये नकाशांचं काम करते, म्हणून त्या घरात मी 'नकाशेवाली' होते. ल्युबाकाकू मराठी बोलायच्या. "भाजी करपला" म्हणायच्या, आणि कुणाचं काहीही ऐकून झालं की मान हलवून "बरं, बरं" म्हणायच्या. त्यातला 'र' त्यांच्या जिभेवर जरा जास्त वेळ रेंगाळायचा.

पहिल्या भेटीत काकांनी त्यांनाही गाव विचारलं होतं.

"बिर्योझोव्का," त्या म्हणाल्या. आपल्याकडे वडावरून वडगाव, तसं तिकडे भूर्जावरून बिर्योझोव्का. त्या देशात या नावाची खेडी शेकड्यांनी आहेत.

"कुठली?"

"जी आता नाहीये, ती."

काकू लहान असताना तिथल्या सरकारने खेड्यांची वर्गवारी केली. काही गावांना भविष्य आहे, काहींना नाही. भविष्य नसलेल्या गावाची आधी शाळा गेली, मग दुकान, मग बस. काकूंच्या घराचे ओंडके उतरवून दूरच्या गावी नेले आणि तिथे तेच घर पुन्हा उभं केलं. आजी मात्र आली नाही. तळ्याकाठच्या आपल्या घरात एकटीच राहिली.

काका हे समजावून सांगताना रंगात यायचे. "आपल्याकडे कसं, वाडी, वस्ती, पाडा? तिकडे चर्च असलेलं खेडं म्हणजे सेलो, चर्च नसलेलं ते देरेव्न्या. माणसं सगळी गेली तरी कागदावर नाव राहतं, आणि पुढे शून्य. माझ्या वडिलांच्या दप्तरात अशा गावाला बेचिराख म्हणायचे. म्हणजे जिथे चिराग लागत नाही ते."

एका हिवाळ्यात ल्युबाकाकू गेल्या. जाण्याआधी त्यांच्या भाषा एकेक करून गेल्या. आधी इंग्रजी गेली, मग मराठी. उरली ती रशियन, तीही लहान मुलीची. आजी एकटी आहे, मला तिकडे ने, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणायच्या. काका प्रत्येक वेळी "नेतो" म्हणायचे.

"पेशंटच्या उशाशी बसून मी खूप खोटं बोललोय," ते मला नंतर म्हणाले. "हे खोटं नाही होऊ द्यायचं."

मग शनिवारी सकाळी आम्ही त्यांच्या डायनिंग टेबलवर लॅपटॉप उघडून बसू लागलो. काकूंचा जिल्हा माहीत होता, पण तो मधल्या काळात शेजारच्या जिल्ह्यांत विरघळून गेला होता, आणि त्या टापूत बिर्योझोव्का बऱ्याच निघाल्या. मी उपग्रहाची चित्रं लावायची आणि काका चहा गार करत बघत राहायचे. गावं दिसतच नव्हती. मोकळ्या माळावर गडद हिरवे चौकोन तेवढे दिसायचे.

"घरं होती तिथे," काका म्हणाले. "चुलीच्या राखेवर, उकिरड्यावर गवत जास्त माजतं."

मग त्यांनी तिथल्या कचेऱ्यांना फोन करायला सुरुवात केली. त्यांची रशियन गंजली होती, पण चालायची. पलीकडून पहिला प्रश्न काय यायचा, ते मला भाषा न येताही कळू लागलं.

"कुठली बिर्योझोव्का?" काका हसून मला सांगायचे. "माझंच नाणं मला परत करतात."

शेवटी एका सेलोच्या कचेरीत तमारा नावाच्या बाईंनी काकूंनी सांगितलेल्या खुणा नीट ऐकून घेतल्या. तळं, ओढ्यावरचा लाकडी साकव, एका रांगेत लावलेले भूर्ज. हो, म्हणाल्या, आमच्या हद्दीत आहे अशी. रहिवासी शून्य. आणि जरा थांबून म्हणाल्या, तिथे खांबावर एक सार्वजनिक फोन आहे. प्रत्येक वस्तीत एक फोन हवा असा नियम निघाला, तेव्हा तिथे एक म्हातारी होती. ती गेली, फोन राहिला. हवा तर घ्या नंबर.

त्यांनी चेष्टेत दिला असेल. काकांनी लावला.

फोन वाजला. स्पीकरवर ती लांब, एकसुरी घंटा ऐकत आम्ही बसलो. बाहेर गल्लीत कुणीतरी गाडी धूत होतं.

"ऐक," काका हळू आवाजात म्हणाले. "तिथे वाजतोय. तळ्यावर ऐकू जात असेल."

दर शनिवारी ते तो फोन लावू लागले. उचलायला कुणी नाही हे त्यांना ठाऊक होतं. देवळात जाऊन घंटा वाजवावी तसं होतं ते. थोडा वेळ वाजू द्यायचे, मग ठेवून द्यायचे आणि माझ्यासाठी टोस्ट भाजायचे. मला ते विचित्र वाटत नव्हतं. आवडायचं, खरं तर.

मार्चमधल्या एका शनिवारी घंटा मध्येच थांबली.

लाइन तुटली असं मला वाटलं. पण तिकडे वारा ऐकू येत होता. मग एक बाई बोलली. आवाज म्हातारा, शांत. कामातून उठून आल्यासारखा. काका उभे राहिले. मला शब्द कळत नव्हते, पण काकांनी काय विचारलं ते कळलं, कारण त्यात बिर्योझोव्का होतं. ती म्हणाली, बिर्योझोव्का. काकांनी आणखी काही विचारलं, ती सावकाश उत्तरं देत गेली.  मग काकांनी शेवटचं काहीतरी सांगितलं, आणि पलीकडून उत्तर आलं, ते मी स्वच्छ ऐकलं.

"बरं, बरं."

त्यातला 'र' रेंगाळला होता. फोन बंद झाला.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाली, आम्ही राहतो इथे. मी म्हटलं, कचेरीत तर शून्य लिहिलंय. तर म्हणे, कचेरीतून विचारायला कोणी येत नाही."

"आणि शेवटी?"

"शेवटी मी म्हटलं, मी येतो." ते खुर्चीत बसले. "ती काहीतरी रशियन बोलली. 'बिरू' म्हणजे घेते. तसंच काहीतरी."

मी मान हलवली.  त्यानंतर तो फोन लागलाच नाही.

त्यांची मुलगी मीरा कार्डिफला हॉस्पिटलमध्ये फार्मसिस्ट आहे. आईची रशियन तिला चांगली येते, बापाची मराठी जेमतेम. काका जाणार हे कळताच ती वीकेंडला धावत आली.

"बाबा, तिकडे कोण नाही आहे. तुझा वय बघ. सेफ नाही आहे."

"फोन उचलला ना कुणीतरी, मीरा."

"राँग नंबर असेल. दुसरी बिर्योझोव्का असेल. तूच सांगतोस ना, शेकड्याने आहेत?"

 काका उठून काकूंच्या अस्थींचा लहान डबा सुटकेसमध्ये ठेवायला गेले. 

भारतीय पासपोर्ट त्यांनी कधी सोडला नव्हता, म्हणून व्हिसा सहज मिळाला. इस्तंबूलमार्गे ते मे महिन्यात गेले. तमाराबाईंनी स्वतःच्या गाडीतून त्यांना ओढ्यापर्यंत नेलं. पुढे रस्ता नव्हता. काका एकटेच साकव ओलांडून गेले आणि बऱ्याच वेळाने परत आले. अस्थी आजीच्या थडग्यापाशी ठेवल्या म्हणाले. तिथे कुणी भेटलं का, असं तमाराबाईंनी विचारलं, तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली. हो की नाही, ते तमाराबाईंना कळलं नाही. पण परतताना बाईंनी स्वतः साकवाजवळच्या खांबाकडे निरखून पाहिलं होतं. फोनची पेटी होती. तार नव्हती. गंज बघता ती बरीच वर्षं नसावी. हे त्यांनी मीराला सांगितलं, आणि मीराने मला.

"म्हणजे राँग नंबरच ना?" मीरा म्हणाली.

"असणार," मी म्हटलं.

काका लीड्सला परत आले नाहीत. थोडे दिवस राहतो, म्हणाले. आजीच्या घराचं छप्पर त्यांनी सेलोमधल्या सुतारांकडून नीट करून घेतलं आणि तिथेच राहू लागले. रविवारी सामान आणायला सेलोत यायचे, तेव्हा मीराला फोन करायचे. कधी मलाही. आवाज ठणठणीत होता. लीड्समध्ये जिना चढताना लागायची ती धापसुद्धा नव्हती. मी एकदा विचारलं, "काका, एकटं वाटत नाही का हो?"

"छे गं. आम्ही परवा बटाटे काढले. एवढे निघाले म्हणून सांगू."

मला वाटलं, सुतार मदतीला आले असतील.

पुढच्या आठवड्यात मीराचा फोन आला. "ताई, एक मराठीचा क्वेश्चन आहे. बाबा सगळा 'आम्ही, आम्ही' बोलतो. आम्ही सरपण आणला. आम्ही लवकर झोपतो. आम्ही म्हणजे 'वी' ना?"

"हो."

"मग 'आपण' काय?"

आता हे तिला कसं सांगायचं? मी सांगितलं ते असं की दोन्हीचा अर्थ 'वी'च. पण 'आपण' म्हटलं की समोर ऐकणाराही त्यात येतो. 'आम्ही' म्हटलं की ऐकणारा बाहेर राहतो.

मीराने ते दोन्ही शब्द हळूच म्हणून पाहिले.

"म्हणजे मी नाही," ती म्हणाली. "मी नाही, पण दुसरं कोणतरी आहे."

तिने रजा टाकली आणि तिकिटं काढली. तिचा व्हिसा अडकला. तेवढ्यात तिकडे बर्फ पडलं.

त्या रविवारी काका सेलोत आले नाहीत. सोमवारी तमाराबाई दोन माणसं घेऊन साकवापलीकडे गेल्या. दार ओढून घेतलेलं होतं, आतली चूल कोमट होती, झाडलोट झालेली होती. काकांचा कोट आणि बूट जागेवर नव्हते. शोध घेतला, कुत्री आणली, तळ्याचं बर्फ फोडून पाहिलं. पोलीस आले. काही मिळालं नाही. मीरा जाऊन पोचली तेव्हा घर पुन्हा थंड झालं होतं. ती तिथे काही दिवस राहिली आणि परत आली. 

वर्ष संपताना तमाराबाईंचा तिला फोन आला. वस्त्यांची यादी वर पाठवायची होती. माणूस नसेल तर या वेळी बिर्योझोव्का कायमची कमी होणार होती. तुमचे वडील मेले असं मी लिहू शकत नाही, राहतात असंही लिहू शकत नाही, तुम्हीच सांगा, काय लिहू?

"तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"मी म्हटलं, शून्य नको लिहू. मग तिने विचारला, किती लिहू? मी म्हटलं, तुला माहीत आहे तेवढे लिही."

तमाराबाईंनी किती लिहिले, ते आम्हाला ठाऊक नाही. नाव अजून यादीत आहे.

त्या सोमवारी तमाराबाईंनी मोबाइलवर काढलेला एक फोटो मीराने मला पाठवला आहे. कधीतरी ऑफिसमध्ये, नकाशा लोड होत असतो तेव्हा, मी तो उघडून बघते. घराच्या दारापासून फावड्याने बर्फ बाजूला सारून वाट काढलेली दिसते. ती तळ्याला वळसा घालून भूर्जांच्या रांगेपर्यंत सरळ जाते आणि तिथे थांबते. थांबते तिथे फावडं बर्फात उभं रोवलेलं आहे. त्याच्यापलीकडचं बर्फ कुणी पाऊलही न ठेवलेलं, सपाट, पांढरं आहे.

वाट अगदी निगुतीने काढलेली आहे, दोन्ही कडा साफ, आणि चांगली रुंद. एका माणसाला चालायला एवढी रुंद वाट लागत नाही.