कट्यारीची धुतलेली दोरी

मंडळी, दुपारपासून एक शंका पाठ सोडत नाहीये.

इथे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला माझ्या घरमालकीण, फ्राऊ लिंडनर, त्यांच्या आजोबांची कट्यार विकताहेत. पहिल्या महायुद्धातली, नौदलाची. मी मटेरियल्सवर पीएचडी करते, म्हणून संग्राहकांसाठी वर्णन माझ्या सहीने हवं.

मुठीच्या दोरीवर मी यूव्ही दिवा धरला. दोरी निळसर चमकली. असे धागे त्या युद्धात नव्हते. पन्नास-साठच्या दशकात अमेरिकन सैनिकांना विकलेल्या नकलांमध्ये मात्र असतात.

"आल्झो, म्हणजे काय, चमकणारच!" फ्राऊ लिंडनर म्हणाल्या. " तू बघणार म्हणून काल पावडरने धुतली. मळकी वस्तू दाखवायची का?"

कपड्यांच्या पावडरनेही दोरी अशीच चमकते. त्यामुळे आता तिच्यावरून काळ ठरत नाही.

"मग मूठ सोडवून बघू? दोरी आतून तर धुतली नसेल ना?" मी विचारलं.

त्यांनी कट्यार म्यानात सरकवली. "कॉफी घेतेस?"

कॉफी घेतली. वर येऊन लिहिलं: 'दोरी नुकतीच धुतलेली. मूठ उघडू दिली नाही.'

माझ्या खोलीचा करार पुढच्या महिन्यात संपतोय. तो वाढवणं त्यांच्या हातात आहे.

तुम्ही दुसरं वाक्य ठेवलं असतं? मी ठेवलंय. सही अजून केलेली नाही.