गाडी भरली कशी?

आम्ही कर्जतजवळच्या भिसेगावची माणसं. सहा सीटची गाडी भरल्याशिवाय सुटत नाही, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. नागावच्या समुद्रावरून अलिबाग स्टँडला जायला आई आणि मी मिनिडोर रिक्षात बसलो होतो. दोघीच. कर्जतची शेवटची एसटी साडेपाचला आणि पाच वाजून गेलेले. बाकीचे पर्यटक आपापल्या गाड्यांतून निघून चालले होते. ड्रायव्हर निवांत तंबाखू मळत होता.

माझं डोकंच फिरलं. पर्स आईच्या मांडीवर टाकली, नाक्यापर्यंत गेले आणि स्वतःच "स्टँड, स्टँड" ओरडायला लागले. पाच जणांचं एक कुटुंब भेटलं. त्यांना लांबूनच गाडी दाखवली. ते बसले, सहा सीट भरल्या आणि गाडी आईला घेऊन सुटली. मी स्वतःला मोजायलाच विसरले होते.

फोन पर्समध्ये. आईला एसटीची पाटी वाचता येत नाही. ती मुरूडच्या गाडीत बसली तर? कुणालाच काही न विचारता नुसती उभी राहिली तर? एका बाईच्या स्कूटीवर मागे बसून मी स्टँडला पोचले.

कर्जतची एसटी इंजिन चालू ठेवून उभी होती. आई दाराच्या पायरीवर, दांडा घट्ट धरून उभी. कंडक्टर वैतागून म्हणत होता, "आजी, गाडी भरली, आता सोडू द्या."

आई म्हणाली, "माझी लेक खालीच हाय, मग गाडी भरली कशी रं?"