मापातली माया

वारज्यातल्या आमच्या तळमजल्याच्या दारावर मी पाटी लावली होती: 'शिवणकाम बंद आहे. कारण विचारू नये.' तरी बायका विचारायच्याच. ब्लाउज उशिरा मिळाला तर चालतो, पण कारण कळल्याशिवाय त्यांना चैन पडत नाही.

कारण होतं माझा डावा पाय. गर्भाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, जांघेतल्या गाठी काढल्या, रेडिएशन झालं. सगळे म्हणाले, सुटलीस. मीही म्हटलं, सुटले. वर्षभरानं घोट्यावर चपलेच्या पट्ट्याचा वळ उमटायला लागला, मग पोटरी भरली, मग मांडी. बोटानं दाबलं की खड्डा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. चाळीस वर्षं मी दुसऱ्यांची मापं घेत आले. आता माझेच दोन पाय दोन वेगळ्या बायकांचे वाटायला लागले होते.

"हत्तीपाय का हो?" शेजारणीनं जिन्यातच विचारलं.

"नाही, हत्ती यायचाय अजून. सध्या नुसता पाय आलाय," असं म्हणून मी घरात आले, दार लावलं आणि ढसाढसा रडले.

तिनंच मग एक मालिशवाली सुचवली. अडला हरी, दुसरं काय! त्या बाईनं गरम तेलानं पाय असा रगडला की दोन दिवसांत तो लालभडक झाला, अंगात ताप भरला आणि डॉक्टरांकडे धावावं लागलं. मुलगी हिंजवडीहून ऑफिस अर्धवट सोडून आली. पायाकडे बघून तिनं सगळा राग काढला तो कोपऱ्यातल्या माझ्या मशीनवर.

"या पायमशीननंच तुझा पाय घालवला. आता बस झालं आई. विकून टाकू."

मशीन मी घेतलं तेव्हा ती पाळण्यात होती. त्याच्या आवाजावर ती झोपायची. मोटर बसवून देते असंही ती म्हणाली, पण मोटरला कुठे थांबायचं ते कळत नाही. माझ्या पायाला कळतं. ते काही तिला पटेना. शेवटी ठरलं: दसऱ्याला मशीनची पूजा होईल. तोवर पाय ताब्यात आला तर ठीक, नाहीतर ती शेवटची पूजा. मी मान डोलावली आणि मनातून घाबरले. मशीन गेलं तर मी दिवसभर करणार काय? पाय बघत बसणार?

ताप उतरल्यावर डॉक्टरांनी एका फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. पोरगी माझ्या मुलीएवढीच. ती म्हणाली, हा लिम्फिडीमा. गाठी काढल्या म्हणून कातडीखालच्या पाण्याचा निचरा होत नाही. "समूळ जाणार नाही काकू, पण ताब्यात राहील." मग तिनं आधी पोटावरून आणि नंतर पायावरून इतका हलका हात फिरवला की मला वाटलं, ही चोळतेय की पायाची समजूत काढतेय?

"जरा जोर लावा की," मी म्हटलं.

"जोर लावून काय झालं ते बघितलंत ना?" ती म्हणाली. पुण्यात जन्म गेला, पण एवढं नेमकं उत्तर मला कुणी दिलं नव्हतं.

त्यानंतर पट्ट्या. आधी कातडीला मलम, मग एकेका बोटाला बारीक पट्टी, वर कापूस, त्यावर पट्ट्यांचे थर. घोट्याशी घट्ट, वर जाताना सैल. चुडीदार बेतणारीला हे सांगावं लागत नाही. चौथ्या दिवशी माझी पट्टी मीच बांधली आणि तिला एकच गुंडाळी सुधारावी लागली. एका पायात माझी चप्पल, दुसऱ्यात ह्यांची सँडल, अशी मी रोज रिक्षातून जात होते. लोक बघायचे. बघोत.

एक दिवस धीर करून विचारलं, "मशीन चालवू का हो? पायाचं?"

"चालवता कसं, दाखवा."

मी बसल्या बसल्या घोटा वर-खाली करून दाखवला. ती हसायलाच लागली. "अहो काकू, हाच तर व्यायाम मी सगळ्यांना शिकवते! पट्टी बांधून करा. अर्ध्या तासानं उठायचं आणि पाय वर घेऊन पडायचं, एवढंच."

त्या दिवशी मी रिक्षानं न जाता पहिल्या चौकापर्यंत चालत गेले.

तीन आठवड्यांत पोटरी इतकी उतरली की नडगीचं हाड पुन्हा हाताला लागलं. आता पट्ट्यांऐवजी पायावर दाब ठेवणारा, मापाचा मोजा मागवायचा होता. टेप तिनं काढली, पण मी म्हटलं, माप मी घेते, तुम्ही लिहा. घोट्यापासून जांघेपर्यंत मी सांगत गेले, ती लिहीत गेली. मोजा आला तो दुपारपर्यंत गुडघ्याखाली गोळा झाला आणि संध्याकाळी घोटा पुन्हा भरला. दसरा दहा दिवसांवर होता. मुलीनं मोबाइलवर मशीनचा फोटो काढलेला मी पाहिला. दुसऱ्या दिवशी मोजा पिशवीत घालून मी थेरपिस्टकडे गेले.

"माप कसं घेतलंत, परत घेऊन दाखवा," थेरपिस्ट म्हणाली.

मी टेप गुंडाळली आणि सवयीनं तिच्याखाली एक बोट घातलं.

"हे बोट कशाला?"

"अहो, मापात थोडी माया नको का ठेवायला?"

बोलले आणि माझं मलाच कळलं. चाळीस वर्षं पुण्यातल्या बायकांना श्वास घेता यावा म्हणून जे बोट ठेवलं, तेच मी माझ्या पायाला लावलं होतं. लाज वाटली, हसूही आलं.

"इथे माया नको काकू," ती म्हणाली. "बोट काढा."

मी बोट काढलं. टेप कातडीला टेकवून, न ओढता, पुन्हा सगळी मापं घेतली. या वेळचा मोजा चढवताना घाम फुटला, पण रात्रीपर्यंत तो तसूभरही हलला नाही. मी मशीनला तेल घातलं आणि थांबत थांबत साठलेले पाच ब्लाउज शिवून टाकले.

दसऱ्याला सकाळी मुलगी आली. मशीनला झेंडूची माळ घातलेली होती. तिकडे न बघता ती आधी माझ्यापुढे खाली बसली, टेप घेतली आणि माझे दोन्ही पाय स्वतः मोजले. बोट न घालता.

"अजून बोटभर फरक आहे आई."

"असू दे. तेवढी माया राहू दे."

ती बराच वेळ माझा घोटा हातात धरून बसली. मग डोळे पुसून उठली, बॅगेतून ब्लाउजपीस काढला, मशीनपाशी ठेवला आणि म्हणाली, "दिवाळीच्या आत हवाय." जाताना तिनं दारावरची पाटी काढून बगलेत मारली.

मी कारण विचारलं नाही.