पालू

बाहत्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन मी सोलापुरात विणकरांच्या वस्तीतल्या बालवाडीत बाई म्हणून रुजू झाले. मदतीला एक मावशी होती. तिला सही येत नव्हती, भाषा मात्र तीन येत होत्या.

पहिल्याच दिवशी एक चिमुरडी "पालू, पालू" करत रडू लागली. मी झाडू उचलून भिंतीवर पाल शोधू लागले.

मावशी तोंडाला पदर लावून हसली. "बाई, तेलगूत पालू म्हंजे दूध. भूक लागलीय की तिला! ट्रेनिंगात हे न्हाय शिकवलं?"

तिनं पोरीला दूध दिलं. मग दुसरा पेला भरून माझ्यापुढं धरला. मी हात पुढं करताच तिनं पेला मागं घेतला.

"तुमी बी नवीनच हायसा. आदी मागा."

सगळी पोरं टक लावून बघत होती.

"पालू," मी म्हणाले.

पोरं खिदळली. मावशी म्हणाली, "हां, आता झाली शाळा सुरू."