एकखांबीची टीम

बाजारातले एजंट त्याला एकखांबी म्हणत. घरं दाखवायचा त्याचा धंदा म्हणजे खरोखरच एकखांबी तंबू होता. फोन त्याचा, किल्ल्या त्याच्या, पायही त्याचेच. गिऱ्हाइकाला तो इमारतीचं नाव कधी सांगत नसे. "औषधाच्या दुकानापाशी थांबा, मी येतो," एवढंच. मग दोन गल्ल्या उगाच फिरवून घरापर्यंत न्यायचा, म्हणजे गिऱ्हाइकाला पुन्हा एकट्याने यायचं म्हटलं तरी रस्ता सापडू नये. घरमालक सोबत असला तर लिफ्टमध्ये हा बरोबर दोघांच्या मध्ये. मालकाने नुसतं "पाऊस लागला का वाटेत?" विचारलं, तरी याला वाटायचं, झालं, आता नंबर देतील आणि आपल्याला वगळतील.

असा माणूस टीम लीडर झाला तो काही हौसेने नाही. एक गुडघा कुरकुरायला लागला होता. त्यातच एका बिल्डरने नवी कोरी इमारत विकायला द्यायची तयारी दाखवली, पण अट घातली. "एकट्या माणसाच्या हातात मी अख्खी इमारत देत नाही. उद्या तुम्ही अंथरूण धरलंत तर मी कोणाच्या तोंडाकडे बघू? टीम आणा. टीम मोडली की आपला करार मोडला."

अशी इमारत जन्मात एकदाच हाती लागते. एकखांबीने एक गाळा भाड्याने घेतला, टेबलं मांडली आणि तीन माणसं नेमली. दोन तरुण एकाच मोटारसायकलवरून यायचे, त्यांना सगळे जोडगोळी म्हणू लागले. तिसरी चष्मेवाली. तिला चष्मा नव्हता. आधी ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर होती, म्हणून हे नाव.

जोडगोळीची त्याला धास्ती नव्हती. किल्ली दिली तर ते ती कुलपातच विसरून यायचे. असली माणसं काय डोंबल कट रचणार? धास्ती होती ती चष्मेवालीची, कारण ती फार चांगलं काम करत होती. किती खोल्या हव्यात हे ती सगळ्यात शेवटी विचारायची. आधी विचारायची, "तुमच्या घरात सकाळी पहिलं कोण उठतं?" आणि मग असं घर दाखवायची, की उठणाऱ्याची भांडी झोपणाऱ्याच्या कानावर पडणार नाहीत. माणसं खूश होऊन जायची आणि जाताना तिचाच नंबर मागायची.

एकखांबी आतल्या टेबलावरून कान टवकारून ऐकत असे. इतकं जीव लावून कोणी दुसऱ्यासाठी राबतं का? नक्की कुठेतरी पाणी मुरतंय, असं त्याच्या मनाने घेतलं. ती फोनवर बोलायला जिन्यात गेली की हा बाटली भरायच्या निमित्ताने मागोमाग. ती आईला औषधाची आठवण करून देत असायची. 'आई' हे एखाद्या घरमालकाचं टोपणनाव तर नसेल, अशीही शंका त्याला येऊन गेली.

"अहो, त्या पोरीवर ठेवता तेवढं लक्ष गुडघ्यावर ठेवा," बायको म्हणाली. पण संशयाचं भूत एकदा मानेवर बसलं की बायकोच्या सांगण्याने उतरत नाही.

शेवटी त्याने साडूला हाताशी धरलं. साडू म्हणजे बायकोच्या धाकट्या बहिणीचा नवरा. त्याच्या घरमालकाने जागा सोडायला सांगितलेली, त्यामुळे त्याला खरंच घर हवं होतं. एकखांबी म्हणाला, "घर मी मिळवून देतो, आधी माझं एक काम कर. गिऱ्हाईक म्हणून तिच्याकडे जा. घर पसंत कर, आणि मग हळूच म्हण, 'तुमच्या साहेबांना कशाला मध्ये घ्यायचं? आपणच मिटवू. निम्मी दलाली तुमची.' बघू काय म्हणते."

"साडूभाऊ, तुम्ही निर्धास्त राहा," साडू म्हणाला. कॉलेजात असताना नाटकात न घेतल्याचं दुःख तो अजून उराशी बाळगून होता.

संध्याकाळी तो पडेल चेहऱ्याने आला. "सरळ हाकलून दिलं हो मला!" एकखांबीला हायसं वाटलं, पण ते हातातला चहा संपेपर्यंतच. तिने ओळखलं असलं तर?

दुसऱ्या दिवशी चष्मेवाली आल्या आल्या त्याच्या टेबलापाशी उभी राहिली. "सर, बाजारात एक भामटा फिरतोय. सावध राहा." तिने फोन पुढे केला. फोटोत साडू बाल्कनीच्या कठड्यावर हात ठेवून रुबाबात उभा होता. "तुम्हाला वगळा म्हणत होता. मी एजंटांच्या ग्रुपवर फोटो टाकलाय. तुमच्या पोटावर पाय देणार म्हणजे काय! आता बघतेच त्याला कोण दार उघडतं ते."

एकखांबीने फोटो पाहिला. "बरं केलंस," तो म्हणाला. दुसरं म्हणणार काय?

आठवडाभर साडू गावभर वणवणला. एजंट त्याला पाहून शटर खाली ओढू लागले. आपणच गुपचूप एखादं घर द्यावं म्हणून एकखांबीने एका मालकाला फोन केला, तर मालक म्हणाला, "एजंटांनी फोटो पाठवला तोच ना? तुमच्याच ऑफिसने सावध केलं आणि तुम्हीच गळ्यात मारताय?" घरी तर बोलायची सोयच उरली नाही. "माझ्या बहिणीचा संसार रस्त्यावर आणलात," बायको म्हणाली, "आणि कशासाठी? एक प्रामाणिक मुलगी प्रामाणिक आहे हे कळावं म्हणून!"

जोडगोळी बाहेर गेलेली बघून एकखांबीने चष्मेवालीला समोर बसवलं आणि सगळं सांगून टाकलं.

"त्या दोघांकडेही पाठवलं होतं कोणाला?" तिने विचारलं.

"नाही."

"मग माझ्याकडेच का?"

खोटं बोलायचं त्राण त्याच्यात उरलं नव्हतं. "कारण तू अगदी माझ्यासारखं काम करतेस."

"म्हणजे माझ्या जागी तुम्ही असतात, तर तुम्ही हो म्हणाला असतात."

एकखांबीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रागही आला, कारण ते खरं होतं.

तिने राजीनामा दिला नाही. ग्रुपवर "गैरसमज झाला, माणूस सज्जन आहे" असं लिहिलं, एकखांबीचं नावही घेतलं नाही. साडूला घरही तिनेच शोधून दिलं, उजेडाचं आणि भाडं झेपेल असं. टीम शाबूत राहिली, करार शाबूत राहिला. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून एकखांबी त्या रात्री गाढ झोपला.

मग एका सकाळी त्याने तिच्यापुढे नव्या गिऱ्हाइकाचा नंबर ठेवला. "सर, हे खरं आहे की तुमचं?" तिने विचारलं. तो हसला. पुढच्या नंबरालाही तिने तेच विचारलं, तेव्हा त्याला हसता आलं नाही. आठ-दहा दिवसांत तिचं ऐकून जोडगोळीही तेच विचारू लागली. गिऱ्हाईक जरा गोड बोललं की दोघं एकमेकांकडे बघायचे आणि घर न दाखवताच परत यायचे. विक्री मंदावली. बिल्डरचे फोन वाढले.

आणि मग एक डॉक्टरीण आली, एकाच मजल्यावरचे दोन फ्लॅट मागत. असं गिऱ्हाईक घालवणं म्हणजे घरी आलेल्या लक्ष्मीला हाकलणं. तिला बाहेर खुर्चीत बसवून एकखांबी घाईघाईने आत आला. "तूच जा," तो चष्मेवालीला म्हणाला, "तुझ्याइतकं कोणाला जमणार नाही. आणि शपथेवर सांगतो, ही खरी आहे."

चष्मेवालीने त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

"सर, मी फोटो दाखवला तेव्हा तुम्ही 'बरं केलंस' म्हणालात ना," ती म्हणाली, "तेव्हाही तुमचा चेहरा असाच होता. तुम्हीच जा."